अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल: लहान इंजिन घ्यावे की मध्यम?

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६ व्या बैठकीत दुचाकी वाहनांवरील कराचे दर बदलण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो अमलात आला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या इंजिनांवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर अशी एकूण ३१ टक्के आकारणी होत असे; ती ४० टक्के झाली. या एका निर्णयाचा परिणाम ज्या वर्गावर विशेषत्वाने जाणवला, तो म्हणजे डोंगराळ व कच्च्या रस्त्यांवरील दीर्घ प्रवासासाठी बनविलेल्या अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलींचा. या वर्गातील लहान आणि मध्यम गाड्यांच्या मधोमधच ३५० सीसीची ही रेषा जाते.

लडाख, स्पिती, अरुणाचल किंवा कच्छच्या रणात दुचाकीवरून जाण्याची इच्छा बाळगणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. मात्र गाडी विकत घेणारा बहुतेक ग्राहक वर्षातील दहा-पंधरा दिवस डोंगरात आणि उरलेले साडेतीनशे दिवस आपल्या शहरात असतो. दोन ते चार लाख रुपयांची ही खरेदी अनेकदा त्या दहा दिवसांच्या स्वप्नावर केली जाते. अशी गाडी रोजच्या वापरात जड वाटू लागते, दारात उभी राहते आणि पुढे तोट्यात विकावी लागते. याउलट, केवळ किंमत पाहून घेतलेली लहान गाडी दोन माणसे व सामान घेऊन घाट चढताना अपुरी पडते. या दोन्ही चुका टाळण्यासाठी कोणत्या बाबी तपासाव्यात, याचा हा आढावा.

दोन वर्ग, दोन स्वभाव

जागतिक बाजारपेठेत ६०० ते ९०० सीसीच्या गाड्यांना मध्यम म्हटले जाते. भारतात मात्र सुमारे २०० ते ३०० सीसीच्या गाड्या लहान आणि ४०० ते ४५० सीसीच्या मध्यम, अशी ढोबळ विभागणी रूढ झाली आहे.

स्वस्त अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलीचा भारतातील पहिला उल्लेखनीय प्रयत्न २०११ मध्ये हिरो कंपनीच्या १५० सीसी इम्पल्सने केला. पण त्या वेळी तिला पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि काही वर्षांनी तिचे उत्पादन थांबले. मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डने ४११ सीसी हिमालयन बाजारात आणली आणि या वर्गाला खरी लोकप्रियता लाभली. मे २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आली. जानेवारी २०२० मध्ये केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर दाखल झाली. पुण्याजवळील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तिची निर्मिती होते. एप्रिल २०२२ मध्ये सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४११ सीसी हिमालयनची जागा ४५२ सीसीच्या सर्वस्वी नव्या हिमालयनने घेतली. जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्स २१० आणि ३९९ सीसीची नवी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये टीव्हीएसची २९९ सीसी अपाचे आरटीएक्स यांची भर पडली.

उंच बांधा, पुढे चोचीसारखे मडगार्ड आणि रुंद हँडल हे या गाड्यांचे बाह्य रूप. परंतु केवळ रूपावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. होंडाची २०२१ मधील सीबी २०० एक्स दिसायला याच कुळातील होती. पण तिची दोन्ही चाके १७ इंची आणि जमिनीपासूनची उंची १६७ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावरील मोटारसायकलीइतकीच होती. शहरासाठी ती सोयीची होती, नदीपात्रातील गोट्यांसाठी नव्हे. त्यामुळे माहितीपत्रकातील आकडे वाचता येणे ही खरेदीची पहिली पायरी होय.

शक्ती आणि टॉर्क यांतील भेद

माहितीपत्रकात सर्वांत आधी नजर जाते ती अश्वशक्तीवर. हा आकडा महत्त्वाचा असला तरी तो अर्धेच चित्र दाखवतो. जुनी हिमालयन ४११ आणि नवी एक्सपल्स २१० यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिलीची कमाल शक्ती सुमारे २४.५ अश्वशक्ती, तर दुसरीची २४.६, म्हणजे कागदावर दोघी समान. परंतु हिमालयनचा कमाल टॉर्क ३२ न्यूटन मीटर असून तो मिनिटाला सुमारे ४,२५० फेऱ्यांना मिळत असे. एक्सपल्सचा २०.७ न्यूटन मीटर टॉर्क ७,२५० फेऱ्यांना मिळतो.

टॉर्क म्हणजे चाक फिरविण्याची पिळाची ताकद. ती कमी फेऱ्यांना मिळत असेल, तर चढावर गिअर न बदलता गाडी शांतपणे ओढत राहते. ती जास्त फेऱ्यांना मिळत असेल, तर चालकाला वारंवार खालचा गिअर टाकून इंजिन उंच आवाजात फिरवत ठेवावे लागते. पण या तुलनेची दुसरी बाजूही आहे. हिमालयन ४११ चे पेट्रोलसह वजन अखेरच्या आवृत्तीत १९९ किलो होते, तर एक्सपल्स २१० चे सुमारे १७० किलो आहे. एक ओढणारी, दुसरी चपळ. दोन समान आकड्यांमागे असे दोन भिन्न स्वभाव असतात.

नव्या हिमालयनचे इंजिन ४० अश्वशक्ती आणि ४० न्यूटन मीटर टॉर्क देते. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची शक्ती ४६ अश्वशक्ती आणि टॉर्क ३९ न्यूटन मीटर आहे. लहान वर्गात व्ही-स्ट्रॉम एसएक्स २६.५ अश्वशक्ती व २२.२ न्यूटन मीटर देते. २९९ सीसीची अपाचे आरटीएक्स ३६ अश्वशक्ती आणि २८.५ न्यूटन मीटरसह या दोन वर्गांच्या मधल्या जागी बसते. आणि ३५० सीसीच्या आत राहिल्याने तिला कमी कराचा लाभही मिळतो.

मागे माणूस बसला की

इंजिनाला गाडीबरोबरच चालक, सामान आणि मागे बसणारी व्यक्ती यांचेही वजन ओढायचे असते. म्हणून दर टन वजनामागे किती अश्वशक्ती मिळते, हा हिशेब घरी बसून करण्याजोगा आहे.

चालक ७५ किलोचा आणि सामान २० किलोचे धरू. हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो. एकूण २९१ किलो. त्यामागे ४० अश्वशक्ती म्हणजे टनामागे सुमारे १३७. एक्सपल्स २१० साठी एकूण २६५ किलो आणि टनामागे सुमारे ९३. व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे वजन १६७ किलो; तिच्यासाठी हा आकडा सुमारे १०१ येतो.

आता मागे ६० किलोची व्यक्ती बसवू. हिमालयनचा आकडा ११४ वर येतो, एक्सपल्सचा ७६ वर. म्हणजे दोन माणसांची हिमालयन एकट्या चालकाच्या एक्सपल्सपेक्षाही अधिक सक्षम राहते. ज्यांचा प्रवास मुख्यतः जोडीने होणार आहे, त्यांच्यासाठी मध्यम इंजिनाच्या बाजूने असलेला हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. एकट्याने फिरणाऱ्याच्या बाबतीत त्याचे वजन पुष्कळ कमी होते.

वेगाचा मुद्दा मात्र अनेकदा अवाजवी मोठा केला जातो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गांवर मोटारसायकलींची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर ठरविण्यात आली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे तर दुचाकींना प्रवेशच नाही. ताशी ८० किलोमीटरचा वेग २०० सीसीची गाडीही राखू शकते. फरक पडतो तो सातत्यात: मध्यम इंजिन त्या वेगाला निवांत असते, लहान इंजिन मेहनत घेत असते. दिवसभरात चारशे किलोमीटर कापायचे असतील, तर हँडलवरील थरथर आणि पुढील वाहन ओलांडताना लागणारी राखीव ताकद यांचा परिणाम सायंकाळी चालकाच्या थकव्यात दिसतो.

उंचीवर इंजिनाचे काय होते

समुद्रसपाटीपासून वर जाताना हवा विरळ होत जाते. इंजिनाला कमी प्राणवायू मिळतो आणि शक्ती घटते. लडाखमधील खारदुंग ला खिंडीची उंची ५,३५९ मीटर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते. ढोबळमानाने शक्तीतही तेवढीच घट धरली, तर ४० अश्वशक्तीच्या इंजिनाकडे २४ आणि २४.६ अश्वशक्तीच्या इंजिनाकडे १५ च्या आसपास शक्ती उरते. १९.१ अश्वशक्तीच्या एक्सपल्स २०० च्या चार व्हॉल्व्हच्या आवृत्तीकडे तर जेमतेम ११ अश्वशक्ती राहते.

तरीही लहान गाड्या तेथे पोहोचतात. कारण पहिल्या गिअरचे प्रमाण मोठे असते, वेग मुळातच कमी असतो आणि गाडी हलकी असते. कार्बुरेटरच्या काळात विरळ हवेत पेट्रोलचे प्रमाण जास्त होऊन इंजिन गुदमरत असे. हिमालयनच्या २०१६ मधील पहिल्या आवृत्तीत कार्बुरेटरच होता. दुसऱ्या वर्षी तिला फ्युएल इंजेक्शन मिळाले. फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांत हवेच्या दाबानुसार पेट्रोलचे प्रमाण आपोआप बदलते. त्यामुळे आज एकट्याने, मर्यादित सामानासह लडाखला जाण्यासाठी २०० सीसीचे इंजिन अशक्य नाही. दोघांनी, भरलेल्या पेट्यांसह जायचे असेल, तर मात्र ते कष्टाचे ठरते.

टाकीत किती, अंतर किती

हिमाचल प्रदेशातील तांदी येथील पेट्रोल पंपावर पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक अनेक वर्षे प्रसिद्ध होता. दुर्गम भागातील प्रवासाचे मोजमाप म्हणून हा आकडा आजही उपयोगी पडतो.

टाकीची क्षमता आणि एका लिटरला मिळणारे अंतर यांचा गुणाकार म्हणजे गाडीचा पल्ला. एक्सपल्सच्या १३ लिटरच्या टाकीला लिटरमागे ४० किलोमीटर धरले, तर ५२० किलोमीटर होतात. हिमालयन ४५० च्या १७ लिटरला ३० किलोमीटर धरले, तर ५१०. व्ही-स्ट्रॉम एसएक्सच्या १२ लिटरला ३५ प्रमाणे ४२०, तर केटीएमच्या १४.५ लिटरला २७ प्रमाणे सुमारे ३९०. चढण, खालच्या गिअरमधील प्रवास आणि थंडी यांसाठी यांतून एक पंचमांश वजा केला, तर अनुक्रमे ४१६, ४०८, ३३६ आणि ३१३ किलोमीटर उरतात. म्हणजे पहिल्या दोन गाड्या त्या फलकाची कसोटी पार करतात. उरलेल्या दोघींबरोबर पेट्रोलचा डबा न्यावा लागतो. येथे धरलेले लिटरमागील अंतर उदाहरणादाखल आहे. चालविण्याच्या सवयीनुसार ते बदलते आणि ग्राहकाने आपापले आकडे घालून हा हिशेब करावा.

उंची, चाके आणि सस्पेन्शन

शोरूममध्ये सर्वाधिक ग्राहक जेथे अडखळतात, ती बाब म्हणजे आसनाची उंची. हिमालयन ४५० चे आसन ८२५ मिलिमीटरवर असून ते ८४५ पर्यंत वर करता येते. एक्सपल्स २१० आणि नवी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर यांची आसने ८३० मिलिमीटरवर, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स व अपाचे आरटीएक्स यांची ८३५ वर आहेत. या बाबतीत लहान आणि मध्यम असा भेद जवळपास नाहीच.

आपल्या पायाची आतील लांबी मोजण्याची सोपी रीत अशी: बूट घालून भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही पायांच्या मध्ये जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर ७८० मिलिमीटर असेल आणि आसन ८३० वर असेल, तरी घाबरण्याचे कारण नाही. चालक बसल्यावर सस्पेन्शन काही सेंटीमीटर खाली दबते. दोन्ही पायांचे चवडे टेकले किंवा एक पाय पूर्ण टेकला, तर सरावाने गाडी सांभाळता येते. आसनाची रुंदीही पाहावी. रुंद आसनावर पाय फाकतात आणि जमीन आणखी दूर जाते. कमी उंचीच्या चालकांसाठी आणि अनेक महिला चालकांसाठी येथे गाडीचे वजन निर्णायक ठरते. पाय अर्धवट टेकलेला असताना गाडी कलंडू लागली, तर १६० किलोची गाडी सावरता येते, २०० किलोची बहुधा नाही.

पुढील चाकाचा व्यास गाडीचा हेतू सांगतो. २१ इंची चाक दगड व खड्ड्यांवरून सहज चढते. एक्सपल्स, हिमालयन आणि केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर यांना असे चाक आहे. १९ इंची चाक हा डांबर आणि कच्चा रस्ता यांमधील समन्वय असून व्ही-स्ट्रॉम एसएक्स, अपाचे आरटीएक्स आणि केटीएमची एक्स ही आवृत्ती यांत ते आढळते. ज्याचा नव्वद टक्के प्रवास डांबरावर आहे, त्याला १९ इंची चाक वळणांवर अधिक विश्वासाचे वाटते.

तारांचे चाक आघात सोसते आणि वाकले तरी बहुधा दुरुस्त होते. अ‍ॅलॉयचे चाक ट्यूबलेस टायर घेते, पण जोरदार आघाताने तडकू शकते. ट्यूबचे टायर पंक्चर झाल्यास चाक काढावे लागते. ट्यूबलेस असल्यास रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत काम होते. हिमालयन ४५० ला पुढे ट्यूबलेस टायर घेणाऱ्या तारांच्या चाकांचा पर्याय देण्यात आला, तो याच कारणाने.

जमिनीपासूनची उंची आणि सस्पेन्शनची हालचाल हे आकडे एकत्र वाचावेत. हिमालयन ४५० ची जमिनीपासूनची उंची २३० मिलिमीटर आणि सस्पेन्शनची हालचाल दोन्हीकडे २०० मिलिमीटर आहे. एक्सपल्स २१० ची जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर असून सस्पेन्शन पुढे २१० व मागे २०५ मिलिमीटर हलते. म्हणजे कच्च्या रस्त्याच्या क्षमतेत लहान गाडी येथे मागे नाही. व्ही-स्ट्रॉम एसएक्सची जमिनीपासूनची उंची २०५ आणि अपाचे आरटीएक्सची २०० मिलिमीटर आहे. खराब डांबरी रस्ता व साध्या मातीच्या वाटेसाठी ती पुरेशी आहे.

ब्रेकची एक विशेष सोय

१२५ सीसीवरील सर्व नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. ओल्या डांबरावर अचानक ब्रेक दाबल्यास चाक जाम होऊ न देण्याचे काम ही यंत्रणा करते. मात्र सुट्या खडीच्या उतारावर तिची अडचण होते. तेथे मागील चाक थोडे जाम झाले, तर ते खडीत रुतून गाडी थांबवते. एबीएस चाकाला फिरते ठेवते आणि गाडी घसरत पुढे जात राहते. म्हणून मागील चाकाचे एबीएस गरजेपुरते बंद करण्याची सोय डोंगराळ वाटांसाठी महत्त्वाची मानली जाते. हिमालयन ४५० मध्ये ती आहे, केटीएममध्ये कच्च्या रस्त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे. पक्क्या रस्त्यावर परतताच यंत्रणा पुन्हा सुरू करण्यास मात्र विसरता कामा नये.

किंमत: शोरूमपलीकडचा हिशेब

कराच्या नव्या दरांचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. करापूर्वी प्रत्येकी दोन लाख रुपये किमतीच्या दोन गाड्या घेऊ, एक ३०० सीसीची आणि एक ४५० सीसीची. जुन्या दराने त्यांची किंमत अनुक्रमे २ लाख ५६ हजार आणि २ लाख ६२ हजार झाली असती. फरक केवळ सहा हजारांचा. नव्या दराने ती २ लाख ३६ हजार आणि २ लाख ८० हजार होते. फरक ४४ हजारांचा. उत्पादक वाढीचा काही भाग काही काळ स्वतः सोसू शकतात. त्यामुळे प्रत्यक्ष दरपत्रक खरेदीच्या दिवशीच तपासावे.

विम्यातही ३५० सीसीची हीच रेषा आहे. नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या अधिसूचनेत त्याचा हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आणि त्यावरील इंजिनांसाठी १५,११७ रुपये ठरविण्यात आला होता. वाहनकर राज्याराज्यांत वेगळा असला, तरी तो सहसा किमतीच्या टक्केवारीत असतो. त्यामुळे महाग गाडीवर तोही वाढतो.

यापुढे येतो तो वापराचा खर्च. मोठ्या इंजिनाला तेल अधिक लागते, टायर व ब्रेक पॅड महाग असतात. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि गाडीचे लोखंडी गार्ड यांसाठीची रक्कम आधीच बाजूला ठेवणे इष्ट. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह असलेल्या हेल्मेटचीच विक्री करण्याचे बंधन आहे. मध्यम गाडी घेऊन संरक्षक साहित्यात काटकसर करण्यापेक्षा लहान गाडी घेऊन साहित्य उत्तम घेणे अधिक शहाणपणाचे.

सेवा केंद्राचे अंतर हा मुद्दा माहितीपत्रकात नसतो, पण त्याचा अनुभव वर्षानुवर्षे येतो. आपल्या गावापासून जवळचे केंद्र किती किलोमीटरवर आहे, क्लचची तार, हँडलवरील लिव्हर किंवा इंडिकेटर यांसारखे सुटे भाग तेथे हाताशी असतात की मागवावे लागतात, हे शोरूमच्या विक्रेत्याऐवजी त्याच केंद्रात गाडी देणाऱ्या दोन-तीन ग्राहकांना विचारावे.

वापरलेली गाडी घ्यावी का

हिमालयन ४११ चे उत्पादन २०२३ मध्ये, तर बीएमडब्ल्यू जी ३१० जीएसची भारतातील विक्री २०२५ मध्ये थांबली. अशा गाड्या वापरलेल्या स्थितीत मिळतात आणि मर्यादित खर्चात मध्यम वर्गाचा अनुभव देतात. तपासणीत पुढील शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, चाकाच्या रिमला आलेला बाक, हँडल वळवताना लागणारा खटका, इंजिनाखालील पत्र्यावरील खोल चरे आणि चौकटीवरील वेल्डिंगच्या खुणा यांकडे लक्ष द्यावे. गार्डवरील ओरखडे फारसे चिंतेचे नसतात. एकाच बाजूचे सर्व भाग नवे दिसत असतील, तर मात्र कारण विचारावे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीचे रबरी भाग व पेट्रोलच्या नळ्या त्या दृष्टीनेही पाहून घ्याव्यात.

निवड कोणी कशी करावी

एकट्याने फिरणारा, कच्च्या वाटा आवडणारा, प्रथमच या वर्गात येणारा किंवा उंचीने लहान असलेला चालक २०० ते २५० सीसीच्या हलक्या गाडीवर अधिक सुरक्षित असतो. डोंगरात गाडी पडते, हे गृहीत धरावे. चार-पाच हजार मीटर उंचीवर चार पावले चालले तरी धाप लागते. अशा ठिकाणी सामानासह सव्वादोनशे किलोची गाडी एकट्याने उभी करणे अनेकांना जमत नाही आणि मदतीसाठी पुढील वाहन तासाभराने येऊ शकते.

जोडीने दीर्घ प्रवास करणारा, महामार्गावर दिवसाला तीनशे-चारशे किलोमीटर जाणारा आणि गाडी चालविण्याचा काही वर्षांचा अनुभव असलेला चालक मध्यम गाडीचा पुरेपूर उपयोग करू शकतो. त्याला वाढीव कर व विम्याचा मोबदला प्रत्यक्ष मिळतो. या दोहोंच्या मध्ये असलेल्यांसाठी, म्हणजे रोज शहरात, महिन्यातून एकदा घाटात आणि वर्षातून एकदा दूर जाणाऱ्यांसाठी, २५० ते ३०० सीसीचा वर्ग कराच्या नव्या रचनेनंतर विशेष विचारात घेण्याजोगा झाला आहे.

निर्णयापूर्वी चाचणी फेरी एकट्याने न घेता, मागे जी व्यक्ती नेहमी बसणार आहे तिला घेऊनच करावी. शोरूमच्या परिसरात गाडी हाताने ढकलून मागे-पुढे न्यावी आणि चढावर उभी करून पाहावी. शक्य असल्यास तीच गाडी दोन-तीन दिवस भाड्याने घेऊन एखादा घाट चढून यावा. भाड्यापोटी जाणारे काही हजार रुपये खरेदीतील लाखांची चूक टाळू शकतात. माहितीपत्रकातील आकडे गाड्यांची संख्या दोनवर आणतात. त्या दोहोंतील एक निवडण्याचे काम चालकाचे पाय, खांदे आणि मागे बसणाऱ्याचा अभिप्राय यांवर सोपविणे हेच श्रेयस्कर.